शिदूचं पेव आणि माझा खड्डा

त्या हिवाळ्यात आमची पलटण इटलीत होती. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला ते तेव्हाही उच्चारता येत नव्हतं. डोंगर, नदी, चिखल आणि पलीकडे जर्मन, एवढं समजलं तरी पुरे. माझी पोस्टिंग नंबर दोन सेक्शनमध्ये, रायफलमन म्हणून. आमचे सेक्शन कमांडर नाईक ज्ञानदेव, कऱ्हाडकडचे. रोलकॉलला ते सांगायचे, "नंबर दोन सेक्शन. नऊ जवान आन एक सर्ज्या."

सर्ज्या म्हणजे मी. त्यांचं चुकत नव्हतं.

मी कोरेगावाकडचा. आई-बाप लवकर गेले. थोरल्या भावाच्या घरी उसात राबायचं आणि वहिनी वाढेल ते खायचं, असं चाललेलं. साताऱ्याला भरती आहे कळलं आणि गेलो. मैदानात सुभेदारसाहेबांनी विचारलं, "फौजेत कशाला यायचंय?"

माझ्या पुढच्याने घराण्याची परंपरा सांगितली होती. मी खरं ते सांगितलं. "बूट मिळत्यात म्हणं."

"आन लढाई?"

"ती बी बघू की, साहेब."

मला घेतलं. लढाई जोरात होती आणि माणसं कमी पडत होती, एवढाच त्याचा अर्थ. बूट मिळाले. त्यानंतर आयुष्याकडे मागायचं असं माझ्यापाशी काही उरलंच नाही.

इन्फंट्रीच्या लढाईत गोळ्या झाडण्यापेक्षा खणण्यात जास्त वेळ जातो, हे सिव्हिलियन लोकांना सांगून पटत नाही. हॉल्ट झाला की आधी खणायचं, मग चहा. दुसऱ्या दिवशी पुढे सरकलं की तिथं पुन्हा खणायचं. माणूस उभा राहिला तर छातीपर्यंत मातीत गेला पाहिजे, असा नियम. त्याला स्लिट ट्रेंच म्हणत. मी गुडघ्यापर्यंत खणायचो आणि अंगाचं मुटकुळं करून त्यात बसायचो.

"ह्यात कोंबडी खुडूक बसवायची हाय का रं, सर्ज्या?" नाईकसाहेब वरून विचारायचे.

"न्हाई साहेब. मीच बसनार."

"मग डोकं कुठं ठेवनार? सातारला?"

शिक्षा म्हणून मी पाण्याचे डबे वाहायचो. अर्धी इटली मी पाण्याचे डबे घेऊन पाहिली. नाईकसाहेबांचं एक निरीक्षण होतं. ते म्हणायचे, खड्डा बघितला की माणूस कळतो. ज्याला घरी जायची ओढ आहे तो खोल खणतो. मी म्हणायचो, साहेब, उद्या हीच जागा सोडायची, तर कशाला? ते म्हणायचे, "उद्या पायजे असंल तर."

मला उद्या नको होता असं नाही. आला असता तर मी त्याला हाकलला नसता. पण मुद्दाम जाऊन बोलवावा, असंही त्याच्यात काही दिसत नव्हतं.

आमच्या सेक्शनमध्ये सगळ्यांत खोल खणायचा तो शिदू. हा सांगलीजवळच्या हरिपूरचा. त्या भागात हळद जमिनीखाली पेवात ठेवतात. वरून पाहिलं तर दीड हाताचं भोक, त्यावर फरशी आणि माती. खाली मात्र रांजणासारखं पोट, पंधरा-सोळा हात खोल. पावसाळे गेले तरी आतली हळद जशीच्या तशी राहते. शिदूच्या घरात पिढ्यान्पिढ्या ही पेवं खणायचं काम. खणायची ह्यांनी आणि हळद भरायची सांगलीच्या पेठेतल्यांनी. शिदूच्या डोक्यात एकच होतं. लढाई संपवून परत जायचं, अर्ध्या एकरात हळद लावायची आणि घरामागे स्वतःचं पेव खणायचं.

आता हळदीचं पीक नऊ महिन्यांचं. आम्हाला संध्याकाळचं लंगर कुठं असेल हे ठाऊक नसायचं आणि हा पठ्ठ्या अक्षय तृतीयेला बेणं लावून माघात काढणीचं बोलायचा. एकदा मॉर्टरचे गोळे पडत असताना त्यानं मला विचारलं, "गड्या, हळद शिजवायला काहील भाड्यानं आणावी का दोघाचौघांत मिळून घ्यावी?"

मी म्हणालो, "आधी डोकं खाली घे."

"घेतलंय. तू सांग की."

शिदूला लिहिता येत नव्हतं. मी चौथी पास. सेक्शनची निम्मी पत्रं माझ्या हातची असायची आणि माझी खोड अशी की सांगितलं तेवढंच लिहिलं तर हाताला चैन पडायचं नाही. एकाच्या बायकोला मी त्याच्या नावानं इतकं गोड लिहिलं की तिनं उलट टपाली विचारलं, तब्येत बरी आहे ना. शिदूचं पत्र त्याच्या वडिलांना, आबांना, जायचं. पेव, पाऊस, म्हैस, संपलं. एकदा शेवटी जागा उरली म्हणून मी चेष्टेनं ठोकून दिलं: "माझ्याबरोबर सातारकडचा एक दोस्तही पेव खणायला येणार आहे. माणूस कामाला वाघ आहे."

दोन महिन्यांनी उत्तर आलं, गावच्या मास्तरांच्या अक्षरात. दुपारी बाराच्या सुमारास चहाच्या भांड्याभोवती बसून मी ते मोठ्यानं वाचत होतो. सवयीप्रमाणे पुढचं न बघता. "तुझा दोस्त येत आहे हे वाचून बरे वाटले. दोघे खाली उतरलात तर मी वर थांबून माती ओढीन. जागा आखून ठेवत आहे. दोस्ताच्या खांद्यांची रुंदी मोजून कळवावी, म्हणजे पेवाचे तोंड त्या मापाने राखता येईल."

शिदूनं चहा खाली ठेवला. "कुठला दोस्त?"

मी पत्राची घडी घालू लागलो.

"सर्ज्या, कुठला दोस्त रं?"

"मीच की. जरा मनानं लिवलं व्हतं."

"कामाला वाघ असं बी लिवलंस?"

"त्ये बी लिवलं."

नाईकसाहेबांच्या नाकातून चहा आला. सगळे हसले. शिदू हसला नाही. त्यानं वाकून माझ्या बुटाची नाडी ओढून काढली, मला पाठमोरं उभं केलं आणि या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत ती धरली. "एक हात, दोन बोटं," तो म्हणाला. "लिव. म्हातारा वाट बघत बसंल."

फौजेनं माझं माप बऱ्याचदा घेतलं होतं. शर्टासाठी, टोपीसाठी, एकदा स्ट्रेचरसाठी सुद्धा, ते चुकून. पण मी पुढे कधीतरी कुठंतरी जाणार आहे आणि तिथं माझ्यापुरती जागा ठेवायची आहे, म्हणून कुणी माप घेतलं नव्हतं. मी हसण्यावारी नेलं. त्या संध्याकाळी ट्रेंच खणताना मात्र नाईकसाहेब येऊन उभे राहिले आणि वाकून दोनदा खड्डा बघितला. मी कमरेपर्यंत आत होतो.

"बरं न्हाई का रं तुला?" त्यांनी शेवटी विचारलं.

तिथून मला खूळच लागलं. मी शिदूला हळदीबद्दल विचारू लागलो. पाणी किती पाळ्या, मातीची भर कधी लावायची. पेवाची मापं तर मला तोंडपाठ झाली. रोज खड्डा छातीपर्यंत. पाण्याचे डबे दुसऱ्याच्या वाट्याला गेले. उद्याचा विचार करायला आधी उद्या हवासा वाटावा लागतो. मला तो आता हवा होता, तोही हरिपूरचा. नाईकसाहेब म्हणाले, सर्ज्याचं लग्न ठरलंय, फक्त नवरी पेव आहे.

मग ती नदी आली.

सकाळी सहा चाळीसला आम्ही अलीकडच्या काठावर पोहोचलो. प्लाटून कमांडर जमादारसाहेबांची ऑर्डर थोडक्यात होती. "यहाँ रुकना है. खोदो. ग्यारह बजे तक सब नीचे." प्रत्येकाची जागा त्यांनी काठीनं दाखवली. शिदू आणि त्याचा जोडीदार उजवीकडे उंचवट्यावर. मी डावीकडे, नदीच्या अंगाला, दहा-बारा यार्डांवर. माझा जोडीदार कावीळ होऊन इस्पितळात होता, म्हणून मी एकटाच.

शिदूनं मूठभर माती उचलली, थुंकी लावून मळली, तिची वळी करून बोटाभोवती गुंडाळली. वळी मोडली नाही. त्याचा चेहरा असा उजळला की जणू गावाकडचं कुणी भेटलं.

"ही पेवाची माती हाय," तो म्हणाला. "हितं पोट काढता येतंय."

आणि त्यानं काढलं. वर जेमतेम माणूस उतरेल एवढं तोंड, आणि खाली आत वळून ऐसपैस जागा, दोघं पाय पसरून बसतील अशी. जमादारसाहेब आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, किताब में ऐसा नहीं है. शिदूनं त्यांना आत उतरायला सांगितलं. ते उतरले, मुठीनं भिंत ठोकली आणि काही न बोलता वर आले. फौजेत ह्याला शाबासकी म्हणतात.

मी हे सगळं बघत होतो. मला तसंच पाहिजे होतं.

शिदू माझ्याकडे येऊन गेला. माझ्या जागेची माती त्यानं मुठीत धरली. ती बोटांमधून गळली. "तुझ्या खाली वाळू हाय. सरळ खण. पोट काढू नगस. आन कडंनं फांद्या लाव."

"व्हय व्हय."

"नुसतं व्हय व्हय नगं. काय म्हनलो मी?"

"सरळ खण."

तो गेला. मी सरळच सुरुवात केली. छातीपर्यंत गेलो तेव्हा साडेदहा वाजले होते. वेळ होता. आयुष्यात पहिल्यांदा माझं काम वेळेआधी झालं होतं, आणि अशा माणसाला कुठं थांबायचं ते कळत नाही. मी म्हटलं, थोडंसं आत. मग आणखी थोडं. माती हाताला इतकी हलकी येत होती की मला वाटलं हे कसब माझ्या अंगातच असणार. साडेबाराला मी माझ्या पोट काढलेल्या ट्रेंचमध्ये बसून पुरी-भाजी खाल्ली आणि मनातल्या मनात आबांना पत्र लिहिलं: वाघ तयार आहे.

तेरा पन्नासला गोळाबारी सुरू झाली. आधी लांब, मग आखूड, मग आमच्यावर. मी आत सरकून बसलो. चौदा वाजून पाच मिनिटांनी जवळ कुठंतरी गोळा पडला. आवाज मला आठवत नाही. अंधार आठवतो. वरची सगळी कड माझ्यावर आली होती. हात अंगाशी दाबलेले, तोंडासमोर हेल्मेटपुरती हवा. मी ओरडलो असेन. वाळू तोंडात गेली म्हणजे ओरडलोच असणार.

मग डोक्यावर खरवडल्यासारखं झालं आणि उजेड आला. जेवणाच्या टिनाचं झाकण आणि त्यामागे शिदू. पालथा पडून खणत होता. आजूबाजूला गोळे पडत होते आणि तो मला शिव्या देत होता.

"सरळ खण म्हनलं व्हतं का न्हाई? व्हतं का न्हाई?"

मी थुंकत होतो.

"पोट काढतोय! ह्याला पोट पायजे! हात सोडव. त्यो न्हवं, डावा. श्वास घे, हळू घे. आबाला काय सांगू, वाघ वाळूत गेला म्हणू?"

त्यानं मला छातीपर्यंत मोकळं केलं. दोन्ही काखांत हात घालून ओढायला लागला. "जोर लाव, गड्या," तो म्हणाला. त्याच वेळी मागे एक गोळा पडला आणि त्याचं सगळं वजन माझ्यावर आलं. मला वाटलं, माती पुन्हा ढासळली.

उंचवट्यावरून नाईकसाहेब ओरडले. मागे प्लाटूनच्या वायरलेसवर जमादारसाहेब बोलत होते ते मला ऐकू येत होतं.

"हॅलो कंपनी. हॅलो कंपनी. एक जखमी. स्ट्रेचर भेजो. ओव्हर."

"फायरिंग बंद होने तक स्ट्रेचर नहीं. वेट. आऊट."

नाईकसाहेब सरपटत आले. त्यांनी शिदूच्या पाठीवर फील्ड ड्रेसिंग दाबलं. मी अजून अर्धा वाळूत. शिदूचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. चौदा वीसला नाईकसाहेबांनी हात काढून घेतला आणि मला बाहेर ओढायला लागले. गोळाबारी चौदा पन्नासला थांबली.

त्याच्या घरी तार गेली. कॅप्टनसाहेबांनी इंग्रजीत पत्र लिहिलं. सगळ्या सेक्शनची पत्रं लिहिणाऱ्या माझ्याकडून आबांना एक ओळ लिहून झाली नाही.

लढाई संपली, डिस्चार्ज मिळाला. तिकीट कोरेगावचं होतं. मी मिरजेला उतरलो, टांग्यानं सांगली गाठली आणि तिथून हरिपूरला चालत गेलो. सकाळचे साडेनऊ. दारात एक काटकुळा म्हातारा पाटीचा फाटलेला काठ विणत बसला होता. मी जाऊन सॅल्यूट ठोकला. का ठोकला, मला माहीत नाही.

त्यानं माझ्या खांद्यांकडे पाहिलं. "सातारकर?"

"व्हय, आबा."

"हात खाली घे. बस."

रस्ताभर जुळवलेलं सगळं विसरलो. "आवं आबा, त्या पत्रातली गोष्ट चेष्टा व्हती. दोस्त येनार, असं शिदू बोललाच न्हवता. मी मनानं लिवलं."

"ठावं हाय. दुसऱ्यानं खणलेलं त्याला कवा पटायचं न्हाई. त्यो कुणाला बोलवतोय." आबांनी पाटी फिरवली. "पर मागनं माप आलं. तवा म्हनलं, आता खरं झालं."

मग मी बाकीचं सांगितलं. नदी, माती, वाळू. रिपोर्ट दिल्यासारखं सांगितलं, वेळेसकट, कारण दुसरं कसं सांगायचं ते येत नव्हतं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर विचारलं, "त्यानं माती बघितली व्हती?"

"व्हय."

"सरळ खण म्हनला व्हता?"

"व्हय."

"मग का ऐकलं न्हाईस?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही. "त्याच्यासारखं पायजे व्हतं, आबा," मी म्हणालो. "मला हिकडं यायचं व्हतं."

आबा विणत राहिले. दोन-तीन वेढे झाले असतील. मग पाटी बाजूला ठेवून उठले. "आलास न्हवं. जेवून घे."

दुसऱ्या दिवशी सहा वाजता आम्ही घरामागे सुरुवात केली. मी खाली, आबा वर दोरीला. हातभर खाली गेलो की ते मूठभर माती वर मागवायचे आणि वळी करायला मलाच लावायचे. मोडली की शिव्या. त्यांच्या शिव्या शिदूच्याच होत्या, फक्त जास्त सावकाश. चौथ्या दिवशी त्यांनी वरून विचारलं, "भ्या वाटतंय का रं खाली?"

"लय वाटतंय."

"वाटू दे."

सव्वीस दिवस लागले. शेवटच्या दिवशी आतली भिंत शेणानं सारवून मी वर आलो. दोघं काठावर बसलो. आबांनी पान लावलं आणि विचारलं, "त्याला अग्नी दिला तवा भटजी व्हता?"

"न्हाई, आबा. नदीच्या काठाला दिला, दुसऱ्या दिवशी सकाळी नवाला. सेक्शन फॉलइन झाला व्हता."

"मंतर कुणी म्हनलं?"

मंत्र कुणालाच येत नव्हते. नाईकसाहेबांनी विचारलं होतं, कुणाला काय म्हणायचंय का. सगळे बुटांकडे बघत राहिले. मग माझं तोंड उघडलं आणि जे पाठ होतं ते बाहेर आलं. मी ते आबांना जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

"सोळा हात खोल. पोट सात हात. तोंड दीड हात, उगवतीकडं. भिंत शेणानं सारवायची, आठ दिवस वाळू द्यायची. खाली उसाचा पाला, दोन थर. मग हळद. वर फरशी, फरशीवर माती. उघडताना तोंड आधी मोकळं सोडायचं, कंदील खाली सोडून बघायचा, मगच माणूस उतरवायचा."

तिथं नदीकाठी एवढं म्हणून मी थांबलो, तेव्हा लक्षात आलं की नाईकसाहेबांनी ऑर्डर दिलेली नसताना सगळा सेक्शन सावधान उभा आहे.

आबांनी वाकून पेवात बघितलं.

"तीन थर लागत्यात," ते म्हणाले. "ह्यावरनं आमची लय भांडणं. त्यो कायम दोनच म्हनायचा."

त्या साली आम्ही दोनच घातले.